सहा शनिवारांची मागणी

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि
राज्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे

विषय : प्रौढांसाठी कला व संस्कृती या विषयांचे अल्पमुदतीचे वर्ग सार्वजनिक ग्रंथालयांत सुरू करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी मिरजेत राहते. एका कार्यालयात तेहतीस वर्षे हिशेब लिहून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याहून अधिक काळ गावातल्या वाचनालयाची सभासद आहे. पुस्तक बदलायला गेले की माझी नजर नेहमी जिन्याकडे जाते, कारण वरच्या मजल्यावर एक बऱ्यापैकी मोठे सभागृह आहे. जयंत्या-पुण्यतिथ्या, दिवाळी अंकांचे प्रदर्शन आणि हिवाळ्यातली व्याख्यानमाला एवढे दिवस सोडले, तर तिथे खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात आणि दाराला कुलूप असते. जिल्ह्यातल्या इतर गावांत नातेवाइकांकडे गेले की तिथलेही वाचनालय पाहून येण्याची मला खोड आहे आणि बहुतेक ठिकाणी असेच सभागृह, असेच कुलूप मी पाहिले आहे. हे पत्र त्या कुलपाविषयी आहे.

माझी मागणी लहान आहे. सलग सहा शनिवार, दर शनिवारी दोन तास, वीसेक माणसे, एकच विषय आणि तो विषय हातात असलेला एक शिक्षक, असा वर्ग प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणच्या किमान एका ग्रंथालयाने वर्षातून दोनदा घ्यावा. विषय कलेचा किंवा संस्कृतीचा असावा. राग ऐकावा कसा, लेणे किंवा देऊळ पाहावे कसे, जुनी मोडी लिपी वाचावी कशी, चित्रपटाची मांडणी समजून घ्यावी कशी, असा कोणताही विषय चालेल. प्रवेशाला शैक्षणिक पात्रतेची अट नको, शेवटी परीक्षा नको, आणि प्रमाणपत्राचा सोहळा तर मुळीच नको.

ही मागणी मला का सुचली ते सांगते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून मी आयुष्यभर ये-जा केली. उन्हात वाळत टाकलेले भोपळे, रंध्याचा आवाज, पॉलिशचा वास हे सारे माझ्या परिचयाचे होते. येथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा इतरांप्रमाणे मलाही अभिमान वाटला. मात्र त्याच सुमारास पुण्याहून आलेल्या भाचीने विचारले की तंबोऱ्याच्या तारेखाली तो दोरा कशाला अडकवलेला असतो, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मग मी गल्लीतल्या एका कारागिराच्या दुकानात जाऊन बसले. हातातले काम न थांबवता त्यांनी मला सांगितले की तार घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, सपाट पाठीवर नुसती टेकली तर स्वर कोरडा निघतो. घोडीची पाठ अगदी अंदाजाने, केसभर घासून तिला बाक द्यावा लागतो, म्हणजे तार तिला हलकेच चाटत कंप पावते. याला ज्वारी काढणे म्हणतात. दोरा तारेखाली पुढेमागे सरकवून नेमकी जागा सापडली की तोच स्वर एकदम उघडतो आणि एका तारेतून अनेक स्वर उमटल्यासारखे वाटतात. त्यांनी दोरा काढून तार छेडली, मग दोरा घालून छेडली. साठीला टेकलेल्या बाईला आपल्याच गावचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा का लागतो आणि दांडीला तुणीचे लाकूड का वापरतात, हेही मला त्याच तासाभरात कळले.

थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, १९३७ साली गेल्यावर ज्या गावच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले गेले आणि जिथे दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात, त्या गावातल्या माझ्यासारख्या हजारो रहिवाशांना तंबोरा सुरात आहे की नाही हे ओळखता येत नाही. दोष त्यांच्या आवडीत नाही. उरुसाच्या मैफलीला आम्ही पहाटेपर्यंत बसतो. कुणी आम्हाला ऐकायला शिकवलेले नाही, इतकेच.

शिकावे म्हणून मी प्रयत्न केला नाही असे नाही. गावातल्या एका संगीत वर्गात चौकशीला गेले. तेथील बाईंनी वय विचारले, थोडे थांबून वहीत पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, प्रारंभिकची बॅच सोमवार-बुधवारी असते, पण सगळी दुसरी-तिसरीतली मुलं आहेत, तुम्हाला चालेल का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि मला मुलांसोबत बसण्याची लाजही नव्हती. पण मला गायचे नव्हते. आपल्याकडे संगीत शिकण्याची जी एक शिडी आहे, ती प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षणाचे दार सर्वसामान्यांना उघडले, हे त्यांचे ऋण आपण कधी फेडू शकणार नाही आणि त्या शिडीने असंख्य गायक व शिक्षक घडवले. तरीही ती चढणाऱ्यासाठी आहे. खाली उभे राहून नीट पाहू-ऐकू इच्छिणाऱ्यासाठी आपण काहीच बांधलेले नाही. चित्रकलेची गत याहून वेगळी नाही. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली की सामान्य माणसाचा आणि चित्राचा संबंध दिवाणखान्यातल्या कॅलेंडरपुरता उरतो.

"व्याख्यानमाला आहे ना," असे आपल्यापैकी अनेक कार्यकारी मंडळांचे सदस्य म्हणतील. व्याख्यानमालेविषयी मला आदर आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून ही परंपरा महाराष्ट्राने ज्या निष्ठेने जपली, तिला तोड नाही, आणि लहानशा गावातही चार दिवस सतरंज्या भरतात ही साधी गोष्ट नव्हे. परंतु व्याख्यानमालेत वक्ता रोज बदलतो, विषय रोज बदलतो आणि श्रोता जिथे बसला होता तिथेच राहतो. सोमवारी त्याने अंतराळयान ऐकलेले असते, मंगळवारी संतसाहित्य, बुधवारी मधुमेह. शेवटी अध्यक्षांचे समारोपाचे भाषण आणि आभार होतात, आणि वेळेअभावी प्रश्न राहून जातात. वर्गात मात्र पहिल्या शनिवारी जे कळले नाही ते दुसऱ्या शनिवारी विचारता येते, मधल्या आठवड्यात घरी ऐकून, पाहून, गिरवून येता येते आणि तिसऱ्या शनिवारपर्यंत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस ओळखीचा झालेला असल्यामुळे आपले अज्ञान उघडे करायला संकोच वाटत नाही. व्याख्यान माणसाला प्रभावित करते, पण माणसाची नजर किंवा कान बदलायचा असेल तर त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा यावे लागते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी रजा टाकून मी परगावी दहा दिवसांच्या मोडी वर्गाला गेले होते. आमच्यात एक वकील होते, ज्यांना जमिनीच्या जुन्या कागदांसाठी मोडी हवी होती. एक निवृत्त तलाठी होते, ज्यांच्या हाताखालून आयुष्यभर असे कागद गेले होते आणि वाचता येत नव्हते. दोन शिक्षिका होत्या आणि घरच्या जुन्या पेटीतला कागदांचा गठ्ठा पिशवीत घेऊन आलेली एक तरुण मुलगी होती. पहिले तीन दिवस आम्ही सर्वांनी पहिलीतल्या मुलांसारखी बाराखडी गिरवली. सातव्या दिवशी त्या मुलीच्या गठ्ठ्यातला एक कागद शिक्षकांनी फळ्याजवळ टेबलावर पसरला आणि आम्ही बाराजण त्यावर वाकून एकेक अक्षर लावत बसलो. कागद काही फार महत्त्वाचा नव्हता, उसनवारीचा होता. पण "श्री" पासून तारखेपर्यंत तो वाचून पूर्ण झाला तेव्हा तलाठीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात मोडीचे कोट्यवधी कागद वाचणाऱ्यांची वाट पाहत पडले आहेत, हे वाक्य मी पूर्वीही अनेकदा ऐकले होते. त्या दिवसानंतर ते मला माझ्याशी बोलल्यासारखे वाटू लागले. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात, म्हणजे शिकवण्याची पद्धत तयार आहे. मात्र मिरजेच्या किंवा माणगावच्या माणसाला त्यासाठी रजा, प्रवास आणि मुक्काम यांचा हिशेब करावा लागतो.

चित्रपट रसास्वादाचेही तसेच. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट व राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी मिळून वर्षानुवर्षे उन्हाळ्यात चालवलेला रसास्वाद अभ्यासक्रम हे या राज्याचे भूषण आहे आणि त्यातून घडलेल्या प्रेक्षकांनी गावोगावच्या फिल्म सोसायट्या चालवल्या. पण तो पूर्णवेळ, आठवड्यामागून आठवडे चालणारा अभ्यासक्रम. बँकेतल्या लिपिकाला किंवा शेतकऱ्याला तेवढे दिवस पुण्यात राहता येणे कठीण. फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशातल्या अनेक गावांत अल्प मुदतीचे अभ्यासक्रम नेले, याचे स्वागतच केले पाहिजे. मी मागते आहे ते याहूनही घराजवळचे आणि याहूनही साधे आहे.

शेजारच्या गोव्याकडे पाहण्याची मी आपणास विनंती करते. गोवा विद्यापीठाने अभ्यागत संशोधन प्राध्यापकांची एक योजना चालवली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारिओ मिरांडा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीयांच्या नावांची अध्यासने आहेत, त्यांवर बाहेरचे नामवंत अभ्यासक व कलावंत येतात, लहान मुदतीचा अभ्यासक्रम शिकवतात आणि त्या वर्गात विद्यापीठाचा विद्यार्थी नसलेल्या नागरिकालाही बसता येते. या योजनेला तेथील शासनाच्या कला व संस्कृती खात्याचे पाठबळ आहे. म्हणजे पैसा संस्कृती खात्याचा, शिकवणे विद्यापीठाचे आणि लाभ वाटेल त्या नागरिकाचा, अशी जोडणी एका लहान राज्याने करून दाखवली आहे. हे वाचून मला जरा मत्सर वाटला, हे प्रांजळपणे कबूल करते.

आपल्याकडे धोरणाचा आधार नाही असेही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे एकविसावे प्रकरण प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययन याच विषयावर आहे. त्यात प्रौढांच्या शिक्षणाचे पाच प्रकार सांगितले असून पाचवा प्रकार निरंतर शिक्षणाचा आहे. कला, विज्ञान, तंत्रज्ञान, संस्कृती, क्रीडा, मनोरंजन आणि स्थानिक लोकांना रस असलेले इतर विषय त्यात स्पष्टपणे येतात. शाळा सुटल्यानंतर व सुट्टीच्या दिवशी शाळेच्या इमारती आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या जागा यासाठी वापराव्यात, असेही तेच प्रकरण म्हणते. पुढे केंद्राने २०२२ ते २०२७ या काळासाठी १,०३७.९० कोटी रुपयांचा नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर केला, ज्याला आपण 'उल्लास' या नावाने ओळखतो, आणि त्याच्याही पाच घटकांत निरंतर शिक्षण आहे. प्रत्यक्षात पहिल्या घटकावर, म्हणजे अक्षरओळख व अंकओळख यांवर भर आहे. तो योग्यच आहे, निरक्षर माणसाला आधी अक्षर मिळाले पाहिजे. मात्र पाचवा घटक कागदावरच राहण्याचे कारण पैशाची कमतरता हे एकमेव नाही. 'उल्लास' शालेय शिक्षण विभागाकडे आहे, ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत आणि कलावंतांशी नाते सांस्कृतिक कार्य विभागाचे आहे. शिकू इच्छिणारा प्रौढ या तीन टेबलांच्या मधल्या फटीत उभा आहे. तमाशा, कीर्तन, शाहिरी, दशावतार यांची प्रशिक्षण शिबिरे सांस्कृतिक कार्य संचालनालय घेते, पण ती कलावंत घडवण्यासाठी आहेत. प्रेक्षक घडवणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आता खर्चाचे बोलते, कारण आयुष्यभर तेच केले. वीस जणांकडून सहा शनिवारांचे प्रत्येकी ३०० रुपये घेतले तर ६,००० रुपये होतात. शिक्षकाला दर शनिवारी ८०० रुपये मानधन दिले तर ४,८०० जातात. उरलेल्या १,२०० मध्ये छायाप्रती, चहा आणि सभागृहाची वीज भागते. पाहुण्या शिक्षकाचा प्रवासखर्च यात बसत नाही, आणि ज्याला ३०० रुपये परवडत नाहीत त्याला परत पाठवायचे नसेल तर आणखी थोडी तूट येईल. ही तूट भरून काढण्यापुरतेच साहाय्य मी शासनाकडे मागते. एका वर्गामागे तीन-चार हजार रुपये पुरेत. फुकट मात्र करू नये, असे माझे मत आहे. पदरचे पैसे दिलेला माणूस तिसऱ्या शनिवारी पाऊस असला तरी येतो.

वर्गाला कोण येईल, याविषयी आपल्या मनात एक चित्र असेल: पांढऱ्या केसांची, विरंगुळा शोधणारी मंडळी. मी स्वतः त्यातलीच असल्यामुळे त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण वर्ग केवळ आमच्यासाठी केला, दुपारी तीन वाजता ठेवला आणि वर ज्येष्ठ नागरिक संघाचा फलक लावला, तर तो लवकरच वाढदिवसांच्या केकपर्यंत येऊन थांबेल. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. इथे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका आहेत, औषध दुकानांतली मुले आहेत, रेल्वेचे कर्मचारी आहेत, दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून तासभरच मोकळ्या होणाऱ्या बायका आहेत. त्यांना शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ जमेल की रविवारी सकाळी, हे त्यांना विचारूनच ठरवले पाहिजे. आणि सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर जिन्याला कठडा व बायकांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, हे विषय ठरवण्याआधी पाहावे. अनेक चांगले उपक्रम केवळ या एका गोष्टीपायी पुरुषांचे होऊन बसतात.

विषय मुंबईहून ठरवून पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती. आमच्यापासून फार दूर नसलेल्या खिद्रापूरला कोपेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याचा स्वर्गमंडप वर आकाशाला उघडा आहे, खाली वर्तुळात खांब उभे आहेत आणि बाहेर भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग आहे. आम्ही तिथे अनेकदा जातो, नमस्कार करतो, फोटो काढतो आणि परत येतो. पाच शनिवार वर्गात मंदिराची रचना समजून घेऊन सहाव्या शनिवारी तिथे गेलो तर तेच दगड किती बोलतील! सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला, हे आम्ही ५ नोव्हेंबरला दरवर्षी ऐकतो, पण नाटकाची संहिता वाचून त्यातला प्रयोग डोळ्यांपुढे कसा आणावा हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी आहे, देसाईगंज-वडसा परिसरात झाडीपट्टीची रंगभूमी आहे, छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला वेरूळ-अजिंठा आहे, जिथे तो बहुधा शाळेच्या सहलीनंतर फक्त पाहुण्यांना दाखवायला गेलेला असतो. त्या त्या ग्रंथालयाने आपल्या परिसरातले शिक्षक शोधावेत. ते प्राध्यापकच असले पाहिजेत असे नाही. माझा कारागीर शिक्षक दहावी झालेला नाही आणि त्याच्याहून स्पष्ट शिकवणारा माणूस मला भेटलेला नाही. त्याला मात्र मानधन पाकिटात घालून, वेळेवर आणि शाल-श्रीफळाच्या ऐवजी रोख मिळावे.

ग्रंथालयाचे काम पुस्तके देणे आहे, वर्ग घेणे नाही, असा आक्षेप एका ग्रंथपालांनी माझ्याजवळ घेतला. त्यांच्यावरचा कामाचा ताण आणि तुटपुंजे वेतन मला माहीत आहे, म्हणून आक्षेप मी हलका मानत नाही. वर्गाची व्यवस्था त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नये. सभासदांतूनच दोघे-तिघे नेमावेत, आणि ते मिळतात. पण पुस्तकांचे म्हणाल तर मोडीच्या वर्गाहून परतल्यावर मी आमच्या वाचनालयातून इतिहासाची जी पुस्तके नेली, त्यांतल्या कित्येकांच्या मागच्या चिठ्ठीवर आदली तारीख दहा-बारा वर्षांपूर्वीची होती.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. ती सर्व वर्ग घेऊ शकणार नाहीत. शासनाने ठरवलेल्या 'अ' ते 'ड' या श्रेणींतल्या सर्वांत खालच्या 'ड' वर्गातल्या कित्येक ग्रंथालयांकडे एक खोली आणि एक अर्धवेळ कर्मचारी एवढेच असते. म्हणून संचालक महोदयांकडे माझे मागणे इतकेच आहे की सुरुवातीला ज्यांच्याकडे सभागृह आहे अशा 'अ' व 'ब' वर्गातील तालुका ग्रंथालयांना या वर्गांसाठी स्पष्ट परवानगी व लहानसे पूरक अनुदान देणारे परिपत्रक काढावे, ग्रंथालयाच्या तपासणीत ग्रंथसंख्या व सभासदसंख्येसोबत अशा वर्गांचीही नोंद घ्यावी, आणि शालेय शिक्षण व सांस्कृतिक कार्य या दोन विभागांशी एकदा एकत्र बैठक घ्यावी. कार्यकारी मंडळांना मात्र परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. सभागृह आपले आहे, किल्लीही आपल्याकडे आहे.

आमच्या वाचनालयाच्या मंडळाकडे मी दिवाळीनंतरच्या सहा शनिवारांसाठी लेखी अर्ज दिला आहे. विषय 'तंबोरा : घडण आणि ऐकणे'. कारागीर तयार आहेत, एक गायिका दोन शनिवार येण्यास तयार आहेत, आणि माझ्यासह चौदा जणांनी प्रत्येकी ३०० रुपये भरण्याची तयारी सह्यांनिशी कळवली आहे. अजून सहा जण हवेत आणि मंडळाचे उत्तर हवे.

कळावे.

आपली,
वाचनालयाची एक सभासद, मिरज